काकींना वाचून दाखवलेली सूचना

‘सोपं’ हा शब्द आमच्याकडे बंद होता. मुलुंडच्या ज्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमचा गट जमायचा, तिथल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर माझ्या अक्षरात बंद शब्दांची यादी होती. ‘सोपं’ सगळ्यात वर. खाली ‘हमखास’, ‘जुनाट’, ‘सगळ्यांचं स्वागत’ आणि ‘कुटुंब’. कुणी नवीन माणूस खडू घ्यायला कपाट उघडायचा आणि विचारायचा, हे काय? मग मला चेव यायचा आणि मी पंधरा मिनिटं त्याला सोडायचे नाही.

गट कसला, ते आधी सांगते. संगणकाला कामं सांगण्यासाठी ज्या भाषा असतात, त्यातली एक आम्हा दोघांच्या प्रेमाची. ती कुणा कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं आपापली नोकरी सांभाळून तिच्यात भर घालतात आणि कुणीही ती फुकट घेऊन वापरू शकतो. अशा भाषेला पगारी प्रचारक नसतात. ज्याला ती आवडते, त्यानेच दुसऱ्यांना बोलवायचं, बसवायचं, शिकवायचं. दहाएक वर्षं आम्ही दर शनिवारी दुपारी ते करत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. अंधेरीत माझी पहिली नोकरी, तिथे आमची टेबलं शेजारी-शेजारी होती; तेव्हापासूनची ओळख. मी मुलुंडची, तो दहिसरचा. तो बोलण्यात पट्टीचा. अनोळखी माणसाला तो पाच मिनिटांत खांद्यावर हात टाकून आत आणायचा. मला ते कधी जमलं नाही, मी तोंडाने फटकळ. पण लिहिणं माझ्याकडे होतं. वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर खडूने आणि व्हॉट्सॲपवर जी सूचना जायची, ती मी लिहायचे.

‘सोपं’ बंद झालं त्याला एक गृहस्थ कारण. पोस्टातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, मुलाचा जुना लॅपटॉप कापडी पिशवीत घालून आलेले. आमच्या अगदी सुरुवातीच्या सूचनेत मीच लिहिलं होतं, ‘जगातली सगळ्यात सोपी भाषा, या आणि शिका!’ उद्गारचिन्हासकट. त्यांच्या लॅपटॉपवर ती भाषा काही केल्या बसेना. दोन तास आम्ही खटपट केली. निघताना ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही सोपं आहे म्हणता, म्हणजे माझंच डोकं आता चालत नसणार.” मी म्हटलं, नाही हो काका, लॅपटॉपचा दोष आहे. ते हसले आणि गेले, पुन्हा आले नाहीत. मला तो आठवडा जेवण गोड लागलं नाही. अवघड म्हटलं असतं तर ते पुढच्या शनिवारी नक्की आले असते.

‘जुनाट’ तसंच. दुसऱ्या भाषांना नावं ठेवून आपल्या भाषेची जाहिरात करायची आमच्या धंद्यात पद्धतच आहे, आम्हीही केली. ‘जुनाट भाषा सोडा’ असं लिहिलं. एका बँकेत वीस वर्षं त्याच जुनाट भाषेत काम करणारा माणूस आला, मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला आणि चहाच्या वेळी मला म्हणाला, “मॅडम, त्या जुनाटावर माझ्या दोन पोरी शिकल्या.” मी कपाट उघडून यादीत भर घातली. तो मात्र पुढे बरीच वर्षं येत राहिला.

पण माझ्या शब्दांची खरी परीक्षा काकी घ्यायच्या. काकी म्हणजे या मित्राची आई. कोकणातून लग्न होऊन मुंबईत आलेल्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटून त्यांनी मुलाला इंजिनिअर केलं. दहिसरची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, तरी बोलणं होतं तसंच मालवणी राहिलं. पहिल्या वर्षी एकदा आम्ही वाचनालयाच्या जिन्यात उभे होतो. त्याने उशीर होईल सांगायला आईला फोन लावला होता आणि माझ्या हातात नवी सूचना होती. तो गमतीने म्हणाला, “आई, ही बघ काय लिहिते ती, ऐक.” आणि फोनचा स्पीकर लावून त्याने सगळी सूचना वाचली. मग काकी म्हणाल्या, “जो येतलो तेका ह्यां आधीच येवक होयां काय?”

मी सूचना परत वाचली. बाईंचं खरं होतं. शिकायला येणाऱ्याला आधीच सगळं येत असल्याशिवाय ती समजलीच नसती. मी तिथेच जिन्यात बसून ती पुन्हा लिहिली.

तेव्हापासून पद्धत पडली. प्रत्येक सूचना फळ्यावर जायच्या आधी काकींना वाचून दाखवायची. त्यांना संगणक सुरूसुद्धा करता येत नव्हता, म्हणूनच. त्या प्रत्येक वेळी शेवटी एकच विचारायच्या, “खरां मां ह्यां?” आपण हो म्हटलं की म्हणायच्या, “मगे लाव.” ‘सगळ्यांचं स्वागत’ त्यांनीच मारलं. “सगळे म्हणजे मी पण? माजे गुडघे दुखतत. वरती चढूक जमात काय माका?” त्या आठवड्यात सूचनेत लिहिलं, ‘दोन जिने आहेत, लिफ्ट नाही. चढणं कठीण असेल तर आधी फोन करा, आपण खाली बसू.’ आणि खरोखर एका प्राध्यापकांचा फोन आला, त्यांच्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. आम्ही सगळे खाली वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलो. मी मनातल्या मनात दहिसरच्या दिशेने दंडवत घातला.

गटात ही गोष्ट सगळ्यांना माहीत झाली. मग मी सूचनेच्या तळाशी एक ओळ घालायला लागले: ‘ही सूचना काकींना वाचून दाखवली आहे.’ आधी गंमत म्हणून. नंतर ती आमची खूणच झाली. नवीन माणूस हटकून विचारायचा, काकी कोण? आणि माझा मित्र ती गोष्ट अशी रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण काकींना ओळखतो. मला त्या ओळीचा अभिमान होता, हे आज कबूल करते. बाकीचे लोक काय वाटेल ते लिहितात, आमचं लिहिणं एक आई ऐकते, असा माझा तोरा होता.

पुढे पुढे जिन्यात उभं राहून फोन लावायला वेळ मिळेना. दोघांच्या नोकऱ्या वाढल्या, घरं वाढली. मग असं ठरलं की मी त्याला शुक्रवारी दुपारपर्यंत सूचना पाठवायची, तो घरी आईला वाचून दाखवणार आणि मला कळवणार. त्याचा मेसेज यायचा, एकच शब्द: ‘पास’. कधी कधी दुरुस्तीही यायची. ‘आई म्हणते प्रात्यक्षिक म्हणजे काय, करून बघू असं लिही.’ किंवा ‘आई विचारते, तीन तास म्हणतेस, मध्ये चहा आहे की नाही ते सांग.’ मी हसत हसत बदल करायचे. काकींशी माझं थेट बोलणं हळूहळू थांबलं, पण शुक्रवारी त्यांचा आवाज त्या मेसेजमधून ऐकू आल्यासारखा वाटायचा.

गेली दोन-तीन वर्षं गट ओसरत चालला होता. लोक घरी बसून मोबाइलवर शिकायला लागले. चाळीसवरून वीसवर, वीसवरून सातवर आलो. मला सातांचं दुःख नव्हतं. सात माणसं नीट शिकतात. तो मात्र खचत होता. त्याला आता मोठ्या सभांमध्ये बोलायला बोलावत होते, तिथे स्टेजवर त्याची ओळख ‘मुंबईच्या उपनगरातल्या गटाचा प्रमुख’ अशी करून द्यायचे, आणि इकडे खोलीत सात जण. त्यातच एका कंपनीने अंधेरीतला आपला हॉल देऊ केला. एसी, मोठा पडदा, लिफ्टसुद्धा. अट एवढीच की साठेक माणसं जमत असली पाहिजेत. तो मला म्हणाला, “फक्त एकदा गर्दी दिसली ना, की काम झालं.” मी म्हटलं, जमतील तेव्हा जमतील.

आणि मग माणसं यायला लागली. एका शनिवारी बारा, पुढच्या शनिवारी अठ्ठावीस, मग चाळीसच्या वर. खुर्च्या कमी पडल्या, खालून बाकं आणावी लागली. मी हरखून गेले. त्याच महिन्यात मी सूचना नव्याने लिहिली होती, अगदी साधी, आणि मला वाटलं माझ्या शब्दांना यश आलं. घरी नवऱ्याला म्हटलं, “बघितलंस? खरं लिहिलं की लोक येतात.” नवरा म्हणाला, झकास. आज ते आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

त्या गर्दीत पहिल्या रांगेत एक बाई बसायच्या. चाळिशीच्या पुढच्या. घाटकोपरच्या एका दवाखान्यात अकरा वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या. पेशंटचे नंबर लावणं, फाइली काढणं. नवी कोरी वही, तिला खाकी कव्हर, वर लेबल. त्या सगळं उतरवून घ्यायच्या, फळ्यावर मी खोडलेलंसुद्धा. तिसऱ्या शनिवारी सगळे पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “ताई, आता नऊ राहिले ना?”

“काय नऊ?”

“शनिवार. बारा म्हटलंय ना तुम्ही. तीन झाले.”

मला काही कळेना. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. आमच्या गटाची सूचना होती. वाचनालयाचा पत्ता होता. ‘दोन जिने आहेत, लिफ्ट नाही’ हे माझं वाक्य होतं. ‘मध्ये चहा आहे’ होतं. आणि त्याच्या वर, ठळक अक्षरात: ‘सगळ्यात सोपी भाषा. फक्त बारा शनिवार. त्यानंतर हमखास नोकरी.’ आणि सगळ्यात खाली: ‘ही सूचना काकींना वाचून दाखवली आहे.’

मी ती तीनदा वाचली. मग विचारलं, “ही तुम्हाला कुणी पाठवली?” त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली होती. शेजारच्या मुलीने, जी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे येऊन गेली होती, तिने सांगितलं होतं, खाली काकींची ओळ आहे ना, मग डोळे झाकून जा. ते लोक फेकत नाहीत.

“मी दवाखाना सोडला, ताई,” त्या म्हणाल्या. “शनिवारी सुट्टी देईनात. डॉक्टर म्हणाले, येणार असशील तर पूर्ण ये. मी म्हटलं, बारा शनिवारांचाच तर प्रश्न आहे.”

त्यांनी ते अगदी सहज, माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं. बारा शनिवारांत नोकरी मिळत नाही. दीड-दोन वर्षं रोज घासली तर कदाचित, आणि चाळिशीनंतर तर त्या कदाचितलाही फार जागा नसते. हे मला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात नीट बोलू.” हा भित्रेपणा माझा, तो मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही.

सोमवारी मी त्याला त्याच्या ऑफिसबाहेर गाठलं. अंधेरीत त्या गल्लीत आमची जुनी चहाची टपरी आहे, पहिल्या नोकरीच्या दिवसांतली. मी मोबाइल पुढे केला. मला आशा होती की तो म्हणेल, हे कुणी केलं? त्याने बघितलं आणि चहाचा घोट घेतला.

“अगं, जाहिरात आहे ती. जाहिरात अशीच असते ना.”

“तू लिहिलंस?”

“वरचं मी लिहिलं आणि बाहेरच्या ग्रुपांवर टाकलं. खालचं तुझंच आहे. यार, तू इतकं सांभाळून लिहितेस की वाचणाऱ्याला वाटतं, येऊच नका सांगतायत. दोन जिने, लिफ्ट नाही! कोण येणार? सात जण. आता बघ, खोली भरली की नाही?”

“हमखास नोकरी कोण देणार? तू देणार?”

“लागल्यात ना नोकऱ्या. आपल्याकडच्या किती जणांना लागल्या.”

“दहा वर्षांत! आणि ते आधीपासून याच धंद्यात होते रे.”

“चिडतेस काय एवढी? लोक काय दूधखुळे आहेत? जाहिरात वाचून कोणी खरं मानतं का?”

मी त्याला त्या घाटकोपरच्या बाईंचं सांगितलं. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आता उतरलं डोक्यात. पण तो म्हणाला, “तिने विचारायला नको होतं का आधी? नोकरी सोडायला मी थोडीच सांगितलं?” आणि मग, मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा, माझ्याकडे न बघता म्हणाला, “आईला वाचून दाखवलं होतं. ती लाव म्हणाली.”

ते मला सगळ्यात जास्त लागलं. त्याचं एक समजू शकत होते, माणसाला गर्दीची चटक लागते. पण काकी? ‘खरां मां ह्यां’ विचारणाऱ्या काकींनी ‘हमखास’ ऐकून घेतलं? मला त्यांचा राग आला, चक्क राग. म्हातारपणी मुलापुढे मान डोलावली असणार, असं काहीबाही मनात आलं. बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि अंधेरीहून मेट्रोने थेट दहिसर गाठलं. तो त्या वेळी ऑफिसात असणार हे मला माहीत होतं.

काकींनी दार उघडलं. वाकल्या होत्या, पण नजर तीच. “इलंस? किती वर्सांनी गो,” म्हणाल्या आणि मला बसवून आत जाऊन कोकम सरबत करून आणलं. मी ते हातात तसंच धरून विचारलं, “काकी, तुम्ही गेल्या महिन्यातली सूचना ऐकलीत आणि लाव म्हणालात?”

“खयची सूचना?”

“आमची. शनिवारची. तो तुम्हाला वाचून दाखवतो ना दर शुक्रवारी?”

त्यांनी पदराने चष्मा पुसला. “दोन वर्सां झाली. तेणां माका कायच वाचून दाखवूक नाय. माका वाटलां, तुमी बंद केलात.”

मी पेला खाली ठेवला. पर्समधून फोन काढला आणि त्याच्या मेसेजांमध्ये मागे मागे जात राहिले. पास. पास. पास. आई म्हणते ‘उपस्थित’ काढ, ‘या’ लिही. पास. आई विचारते, लॅपटॉप नसला तर चालेल का, ते लिही. पास. मी एक एक वाचून काकींना विचारलं, हे तुम्ही म्हणालात? हे? त्या मान हलवत राहिल्या. यातलं एकही त्या म्हणाल्या नव्हत्या. सगळ्या दुरुस्त्या त्यानेच केलेल्या होत्या, आईच्या नावावर. आणि सगळ्या अगदी बरोबर होत्या. काकींनी जे काढलं असतं तेच त्याने काढलं होतं, त्या जे विचारतील तेच त्याने विचारलं होतं.

तिथे मी कोसळले. खोटेपणाचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं हे की त्याला सगळं कळत होतं. कुठला शब्द माणसाला दुखवतो, कुठला खोटी आशा लावतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. न कळून ‘हमखास’ लिहिलं असतं, तर मी कचाकचा भांडले असते आणि महिन्याभराने विसरले असते. वीस वर्षांची मैत्री अशी एका खुर्चीत बसल्या-बसल्या हातातून गेली आणि मी परक्याच्या घरात, म्हणजे त्याच्याच घरात, त्याच्या आईसमोर रडत होते.

माझं रडणं आटपल्यावर काकी म्हणाल्या, “वाच. ती खोटी वाच माका.”

मी ती सूचना वाचली, ठळक अक्षरांपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग नेहमीप्रमाणे विचारलं, “खरां मां ह्यां?”

“नाही, काकी.”

“मगे माजां नाव कित्याक घातलात?”

मी त्यांना घाटकोपरच्या बाईंचं सांगितलं, दवाखान्याचं, खाकी कव्हरच्या वहीचं. पुढचं आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटी सांगायला मला जड जाईल. दवाखान्यात दुसरी मुलगी लागली होती. मी स्वतः जाऊन डॉक्टरांना भेटले, त्यांनी हात जोडले. त्या बाई आता एका औषधांच्या दुकानात उभ्या असतात, तास जास्त, बसायला स्टूल नाही. मी त्यांना घरी येऊन शिकवते म्हटलं, त्या नको म्हणाल्या. रागावून नाही, अगदी गोड बोलून.

त्या दुपारी मात्र हे सगळं व्हायचं होतं. काकी म्हणाल्या, दुसरी सूचना लिहून काढ, आत्ता. मी त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून लिहिलं. दहा वर्षांचा सराव, मला वेळ लागला नाही. मग वाचून दाखवलं: ‘गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या नावाने एक सूचना फिरली. बारा शनिवारांनंतर हमखास नोकरी मिळेल असं तिच्यात होतं. त्यामुळे काही जणांचा गैरसमज झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. इथे नोकरी मिळत नाही. इथे शिकता येतं, आणि त्याला किती दिवस लागतील हे आम्हाला सांगता येणार नाही.’

“गैरसमज कोणाचो झालो?” काकींनी विचारलं.

“लोकांचा.”

“लोकांनी उलटां वाचल्यानी काय?”

“नाही. लिहिलं होतं तसंच वाचलं.”

“मगे गैरसमज खयसून इलो? तां काढ. ‘आमी खोटां लिवलां’, असां लिव.”

स्वतःच्या मुलाबद्दल बोलत होत्या त्या. आवाज जरासुद्धा हलला नाही. पण माझ्या मनात आलं ते वेगळंच, आणि ते माझ्या तोंडून निघूनही गेलं. “काकी, ‘आम्ही’ कशाला? मी नाही लिहिलं ते. मला तर पत्ताही नव्हता.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “माजां नाव दर खेपेक खाली कोण घाली?”

“मी.”

“दोन वर्सांत माका एक फोन केलंस?”

केला नव्हता. तो मेसेज आला की काम झालं, असं मी धरून चालले होते. दर आठवड्याला मी माझ्या हाताने लिहीत होते की ही सूचना काकींना वाचून दाखवली आहे, आणि काकी आहेत कशा, हेही मला माहीत नव्हतं. इतके शब्द निवडून, पारखून घेणारी मी, ही एक ओळ मात्र दर वेळी जशीच्या तशी खाली चिकटवत आले होते.

मी ‘गैरसमज’ खोडलं. ‘आम्ही खोटं लिहिलं’ असं घातलं. पुन्हा वाचून दाखवलं. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “खरां मां ह्यां?” मी हो म्हटलं. “मगे लाव,” त्या म्हणाल्या, आणि माझा तसाच राहिलेला पेला घेऊन आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता.

खाली उतरून टॉवरच्या गेटपाशी उभं राहून मी ती सूचना पाठवली. आमच्या गटाला, वाचनालयाला, त्या बाईंना, जिथे जिथे ती खोटी सूचना फिरली होती असं मला कळलं होतं त्या सगळ्यांना. तळाशी ती ओळ होती. घालू की नको, असा विचार करून मी ती घातली, कारण दोन वर्षांनी ती खरी होती.

पाचेक मिनिटांत त्याचा मेसेज आला. तो शिव्या देईल, कारणं सांगेल, गटातून निघून जाईल, असं मला वाटलं होतं, आणि पुढे तो निघून गेलाही. पण त्या वेळी त्याने एवढंच विचारलं: ‘आई काय म्हणाली?’

मी गेटपाशी उभी राहून पुष्कळ लिहिलं आणि पुष्कळ पुसलं. मग एकच शब्द पाठवला. ‘पास’.